'सापेक्ष' म्हणजे स्वैर नव्हे

वादात युक्तिवाद संपला, की 'शेवटी सगळेच सापेक्ष आहे' असे म्हणून मोकळे होण्याची रीत फार बोकाळली आहे. वक्तृत्वस्पर्धेतील विद्यार्थीही हे वाक्य बिनदिक्कत उच्चारतात आणि वर आइन्स्टाइनचा हवाला देतात. आमच्या मते हा त्या थोर शास्त्रज्ञावर अन्याय तर आहेच. शिवाय विचाराचे कष्ट टाळण्याची ती पळवाटही आहे.

1905 साली आइन्स्टाइनने प्रतिपादिले ते थोडक्यात असे. परस्परांच्या मानाने एकसारख्या वेगाने सरळ जाणाऱ्या सर्व निरीक्षकांना निसर्गाचे नियम सारखेच असतात, आणि प्रकाशाचा वेगही प्रत्येकाला तेवढाच, म्हणजे सेकंदाला सुमारे 3 लक्ष किलोमीटर, आढळतो. ही दोन गृहीते मान्य केली, की चालते घड्याळ सावकाश चालते आणि चालती मोजपट्टी गतीच्या दिशेने आखूड भरते, हे ओघानेच येते. ताशी 90 किलोमीटर वेगाच्या आगगाडीत शंभर वर्षे अखंड बसलो, तरी फरक सेकंदाच्या एक लक्षांशाएवढाच पडेल. म्हणून व्यवहारात तो जाणवत नाही.

निसर्गात मात्र त्याचा पुरावा आहे. विश्वकिरणांमुळे वातावरणात उंचावर म्यूऑन नावाचे कण जन्मतात. स्थिर म्यूऑनचे सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांशाच्या जेमतेम सव्वादोन पट. फ्रिश व स्मिथ या अमेरिकन संशोधकांनी सुमारे 1,900 मीटर उंचीच्या माउंट वॉशिंग्टनवर तासाला सुमारे 560 म्यूऑन मोजले. समुद्रसपाटीला येईतो त्यांतील तीसेकच उरावयास हवे होते. उरले चारशेंहून अधिक! 1963 साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. आपण म्हणतो, वेगामुळे म्यूऑनचे घड्याळ सुमारे नऊपट मंदावले. म्यूऑनला वाचा असती तर तो म्हणाला असता, 'माझे घड्याळ ठीकच आहे. तुमचा डोंगरच दोनशे-सव्वादोनशे मीटरांचा आहे.'

दोघांचे काळाचे माप निराळे, उंचीचेही निराळे. परंतु खाली किती कण पोचले, ही संख्या दोघांनाही एकच! शिवाय एकाच्या मापावरून दुसऱ्याचे माप काढण्याचा निश्चित नियम आहे. काळ व अंतर यांची योग्य सांगड घातली, तर दोन घटनांमधील एक राशी सर्वांना समानच येते, हे मिंकोव्स्कीने 1908 साली दाखवून दिले.

तेव्हा सापेक्षतेचा सिद्धान्त सत्य मोडीत काढीत नाही. खरोखर अचल काय, ते तो निवडून दाखवितो. घरी कोंकणी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या आम्हांस यात नवल वाटू नये. भाषा बदलली म्हणून समुद्राची भरती काही बदलत नाही.

विद्यार्थिमित्रहो, मतभेद झाला तर 'सगळेच सापेक्ष' म्हणून उठून जाऊ नका. आपण कोठे उभे आहोत ते सांगा, दुसरा कोठे उभा आहे ते विचारा आणि त्याचे माप आपल्या मापात उतरवून पाहा. एवढे कष्ट जो घेईल, त्यानेच आइन्स्टाइनचे नाव घ्यावे.