एकाच उत्पन्नाची दोन मापे

मा. केंद्रीय शिक्षणमंत्री, भारत सरकार, यांना



सीईटीचा निकाल लागला की आमच्या तालुक्याच्या गावी सेतू केंद्रापुढे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगा लागतात. मुलाला प्रवेश मिळालेला असतो, कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीत जागा पक्की करायला मोजके दिवस असतात, आणि फीचे पैसे घरात नसतात. मी नोकरीची बरीच वर्षे बँकेच्या ग्रामीण शाखांत, कर्ज विभागात काढली. निवृत्तीनंतर या मुलांचे अर्ज भरायला मदत करतो. दोन्ही बाजूंनी पाहिलेले आपल्यापुढे मांडावे, म्हणून हे पत्र.

माझे म्हणणे एकाच गोष्टीबद्दल आहे. शैक्षणिक कर्ज मागणाऱ्या मुलाच्या घरचे उत्पन्न आपल्याकडे दोनदा मोजले जाते, एकदा व्याज अनुदानासाठी आणि एकदा कर्जमंजुरीसाठी. अनुदानासाठी ते कमी असावे लागते, मंजुरीसाठी भरपूर. ज्या घराला सर्वांत जास्त गरज, ते पहिल्या ठिकाणी पात्र ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी अडते. कर्जच मिळाले नाही तर व्याजाचे अनुदान कशावर मिळणार?

आधी अनुदानाचे पाहू. केंद्राची व्याज अनुदान योजना २००९ पासून आहे. तांत्रिक किंवा व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी कर्ज काढलेल्या मुलाचे शिक्षणाच्या काळातले आणि त्यानंतरच्या एका वर्षाचे व्याज सरकार भरते. अट अशी की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असावे. योजना चांगली आहे आणि तिने अनेक घरांना हात दिला, हे मी स्वतः पाहिले आहे. पण साडेचार लाखांची ही मर्यादा २००९ ची आहे. त्या वेळी केंद्र सरकारी नोकरीतले किमान मूळ वेतन ७,००० रुपये होते. सातव्या वेतन आयोगाने २०१६ पासून ते १८,००० केले. मर्यादा मात्र जागची हललेली नाही.

साडेचार लाख म्हणजे महिना ३७,५०० रुपये. वडील टेम्पो चालवून २२,००० आणि आई खासगी दवाखान्यात १६,००० मिळवत असेल, तर वर्षाचे ४,५६,००० होतात. सहा हजारांनी हे कुटुंब मर्यादेबाहेर गेले. याची किंमत किती? समजा मुलाने चार वर्षांच्या पदवीसाठी दरवर्षी दीड लाख, असे सहा लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने काढले. शिक्षण आणि पुढचे मोरॅटोरियमचे, म्हणजे हप्ते न भरण्याच्या सवलतीचे, वर्ष धरून पाच वर्षांत सरळ व्याजच २ लाख १० हजार होते. अनुदान मिळाले तर हप्ते सहा लाखांवर सुरू होतात. दहा वर्षांच्या मुदतीने महिना सुमारे ७,९०० रुपये. अनुदान नाही मिळाले तर हप्ते ८ लाख १० हजारांवर, म्हणजे महिना सुमारे १०,७००. नुकती नोकरी लागलेल्या, पुण्यात खोलीभाडे भरणाऱ्या मुलाला हा फरक दहा वर्षे सोसायचा असतो, आणि तो ठरला वर्षाला सहा हजार रुपयांच्या जास्त उत्पन्नावरून. हप्ता परवडत नाही म्हणून तो पंधरा वर्षांची मुदत मागतो. हप्ता ८,७०० वर येतो, पण सहा लाखांच्या शिक्षणापोटी अखेर साडेपंधरा लाखांहून जास्त फेडले जातात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियमच्या काळात ३ टक्के व्याज सवलत मिळू लागली, हे स्वागतार्हच आहे. वरच्या उदाहरणात ती ६३,००० रुपयांची होईल. पण ती देशातल्या निवडक संस्थांपुरती (सुरुवातीला ८६०) आणि वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरती आहे. आमच्याकडच्या मुलांना ज्या महाविद्यालयांत जागा मिळते त्यांतली बहुतेक या यादीत नाहीत. टेम्पोचालकाचा मुलगा तिथे शिकत असेल तर त्याला पूर्ण अनुदानही नाही आणि ३ टक्केही नाहीत.

एक गोष्ट मुलांना फार उशिरा कळते. पूर्ण अनुदानासाठी महाविद्यालयाला नॅकचे किंवा त्या अभ्यासक्रमाला एनबीएचे मानांकन असावे लागते. कॅपचा विकल्प अर्ज भरताना हे कुणी सांगत नाही. मूल प्रवेश घेते, फी भरते, बँकेत जाते आणि तिथे त्याला समजते की आपल्या अभ्यासक्रमाला मानांकन नाही. विकल्प अर्जात प्रत्येक महाविद्यालयापुढे ‘व्याज अनुदानास पात्र’ किंवा ‘अपात्र’ एवढे छापले तरी हे टळेल.

आता बँकेचे. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेचा गाभा असा आहे की परतफेडीचा विचार करताना मुलाचे पुढचे उत्पन्न पाहावे, पालकांची ऐपत गरज पडली तरच. चार लाखांपर्यंत तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे. २०१५ पासून साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला पत हमी निधीचे संरक्षण आहे. कर्ज बुडाले तर थकबाकीचा ७५ टक्के भार निधी उचलतो. कागदावर एवढे सगळे असूनही शाखेत पहिला प्रश्न येतो तो वडिलांच्या आयकर विवरणपत्राचा. शेतीचे उत्पन्न करमुक्त असते, शेतकरी विवरणपत्र भरतच नाही. मग सातबारा मागतात, घराचा उतारा मागतात, नोकरदार जामीनदार आणायला सांगतात. तहसीलदाराचा जो दाखला अनुदानासाठी लागतो, तोच शाखेत मुलाविरुद्ध जातो. उत्पन्न ९०,००० लिहिले आहे, तर हप्ता कुठून भरणार? असे विचारणारा अधिकारी दुष्ट नसतो. कर्ज थकले तर जाब त्यालाच द्यावा लागतो आणि हमी निधीकडे दावा करायचे कामही त्याच्याच गळ्यात पडते.

एक उदाहरण सांगतो. एका विधवा बाईच्या मुलाला साडेतीन लाख हवे होते, म्हणजे तारणाचा आणि जामिनाचा प्रश्नच नव्हता. एका शाखेने त्याला ‘तुमचे गाव आमच्या सेवा क्षेत्रात येत नाही’ म्हणून दुसरीकडे पाठवले. या कारणावरून शैक्षणिक कर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना कळवले होते. दुसऱ्या शाखेने आईच्या नावावरचे जुने सूक्ष्मकर्ज आणि तिचा सिबिल स्कोअर दाखवला. मे २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने केवळ सिबिल कमी म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारणे चुकीचे ठरवले आहे, पण तो निकाल त्या काउंटरपर्यंत पोहोचलेला नव्हता. दोन्ही ठिकाणी नकार तोंडी होता. लेखी नकार वरच्या अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय देता येत नाही, म्हणूनच तो तोंडी दिला जातो. शेवटी आईने बचतगटातून पैसे उचलून पहिल्या वर्षाची फी भरली.

याउलट, इंग्लंडमध्ये विद्यार्थ्याच्या राहण्या-खाण्याचे सरकारी कर्ज ठरवताना घरचे उत्पन्न पाहतात. तिथे उत्पन्न जितके कमी, तितकी कर्जाची रक्कम जास्त. परतफेड ठराविक पगाराच्या वरच्या रकमेच्या ९ टक्के. पगार त्याखाली असेल तर त्या महिन्यात काही भरायचे नाही. त्या पद्धतीतही दोष आहेत आणि ती जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणत नाही. पण घरचे उत्पन्न कशासाठी मोजायचे, हे तिथे एकदा ठरलेले आहे.

परतफेडीबद्दल आपल्या आदर्श योजनेतही सोयी आहेत. बेकारीच्या काळात हप्ते थांबवता येतात, सुरुवातीला लहान आणि पुढे मोठे हप्ते लावून घेता येतात. मुलांना त्या माहीत नसतात आणि करारावर सही करताना कुणी सांगत नाही. नोकरी न लागल्याने तीन हप्ते चुकले की खाते थकीत (एनपीए) होते, मुलाचा आणि सहकर्जदार वडिलांचाही सिबिल बिघडतो आणि धाकट्या बहिणीच्या कर्जाच्या वेळी तोच आडवा येतो. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची आयकर सवलत जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते, त्यामुळे कमी पगाराच्या मुलांना तिचा फारसा उपयोग नाही.

मंत्रिमहोदय, माझ्या मागण्या थोड्याच आहेत. साडेचार लाखांची मर्यादा आजच्या पगारमानाशी जोडावी आणि तिच्यापुढे अनुदान एकदम तोडण्याऐवजी टप्प्याटप्प्याने कमी करावे. मान्यताप्राप्त सर्वच महाविद्यालयांत ते मिळावे. अर्थ मंत्रालयाशी बोलून एवढे पक्के करून घ्यावे की हमी निधीखाली येणाऱ्या साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला पालकांच्या उत्पन्नाची चाळणी लावली जाणार नाही, आणि नकार द्यायचाच तर तो कर्जाचे अर्ज जिथे करतात त्या विद्यालक्ष्मी पोर्टलवर कारणासह नोंदवल्याशिवाय शाखेला अर्ज बंद करता येणार नाही.

सोळा वर्षांहून जुनी मर्यादा बदलायला नवा कायदा लागत नाही, मंत्रिमंडळाचा एक निर्णय पुरतो. तो येत्या प्रवेश फेऱ्यांच्या आधी व्हावा, अशी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी