ऑटोवर टाकलेलं शहाणपण

चहात साखर हवी का, हे कुणीही विचारेल. किती हवी, हे विचारील ती खरी गृहिणी. आमच्या बँकेतही कर्ज द्यावं की नाही, हे आम्हां कारकुनांना माणूस दारातून आत येतानाच कळतं. किती द्यावं, एवढ्यासाठीच साहेबाला वेगळी केबिन आहे. थोडक्यात, 'हो' आणि 'नाही' म्हणायला अक्कल लागत नाही, ती लागते 'किती' म्हणायला. आणि हल्ली ज्या यंत्राला हा 'किती' ठाऊकच नाही, त्याला लोक 'स्मार्ट' म्हणतात! माझं भांडण आहे ते या बारशाशी.

थंड मुलखात गेलेल्या आपल्या मुलाबाळांच्या घरी हा प्रकार पाहायला मिळतो. तिथे घर उबदार ठेवायला नळांतून गरम पाणी खेळवतात. नळावर झडप असते आणि त्यातली उंची झडप प्रमाणात उघडते. तिला चालायला साधारण 24 व्होल्ट वीज लागते आणि आणखी एका तारेवरून 0 ते 10 व्होल्टचा इशारा. 0 म्हणजे बंद, 10 म्हणजे सताड उघडी, 5 म्हणजे निम्मी. किती समंजस! आता भिंतीवरचा स्मार्ट थर्मोस्टॅट पाहा. तो मोबाईलशी बोलतो, उद्याचा पाऊस सांगतो. पण बाजारातले त्याचे बरेचसे भाऊबंद आतून नुसते खटके असतात. गार झालं, खटका चालू. गरम झालं, खटका बंद. असला खटका त्या झडपेला जोडायचा म्हणजे गवयाच्या साथीला रेल्वेची शिट्टी बसवण्यासारखं आहे. झडप एक तर पूर्ण उघडणार, नाहीतर पूर्ण मिटणार. पैसे मोजले 'किती'चे, पदरात पडलं 'हो-नाही'. तिथे 0 ते 10 व्होल्टचा इशारा देणाराच थर्मोस्टॅट हवा. पण हे विकताना सांगतो कोण?

गंमत म्हणजे, अमेरिकेतल्या वॉरन जॉन्सन नावाच्या प्राध्यापकांनी 1883 साली विजेच्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं, तेव्हा त्यांचं यंत्र फक्त घंटी वाजवायचं. घंटी ऐकून उष्णतेचं काय करायचं, ते तळघरातला शिपाई करायचा. 'हो-नाही' यंत्राचं, 'किती' माणसाचं. वाटणी चोख होती. आपण माणूस काढला आणि घंटीला स्मार्ट म्हणू लागलो.

तुम्ही म्हणाल, आम्हांला काय त्याचं? इथे पंखा फिरला म्हणजे मिळवली! तर मग शिरूर तालुक्यात इनामगावच्या बाजूला या. तोच खटका इथे विहिरीवरच्या पेटीत बसलाय आणि त्याचं नाव आहे 'ऑटो'. वीज आली की मोटार आपोआप सुरू. त्यावर शहरातले लोक म्हणतात, शेतकरी आळशी झाला. अहो, रात्रीच्या पाळीची वीज, सभोवती ऊस आणि उसात बिबट्या! तुम्ही जाल का दोन वाजता बटण दाबायला? ऑटो बसवणाऱ्याला मी मुळीच दोष देत नाही. दोष त्याला अर्धवट शहाणपण विकणाऱ्याचा.

कारण मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट वीज खेचते. वीज आली की शिवारातले सगळे ऑटो एकाच क्षणी 'हो' म्हणतात, आणि बिचारा ट्रान्सफॉर्मर एकदाच 'नाही' म्हणतो. मग पुढचे दिवस सगळ्यांच्याच मोटारी बंद. उपाय काय तो मामुली: प्रत्येक पेटीला वेगवेगळा उशीर लावायचा. एकाची मोटार दोन मिनिटांनी, दुसऱ्याची चार. पण त्यासाठी शेजाऱ्याशी बोलावं लागतं, आणि ती सोय अजून कुठल्या पेटीत आलेली नाही. आणि खरा उपाय म्हणजे दिवसा वीज. मग पेटीलाच कशाला, बिबट्यालाही विश्रांती.

पाण्याचंही तेच. दारं धरणारा गडी फावड्याने मातीचा एक ढेकूळ इकडचा तिकडे करतो आणि सरीला पाहिजे तेवढंच पाणी सोडतो. जगातली सगळ्यात जुनी प्रमाणात उघडणारी झडप म्हणजे तो ढेकूळ! ऑटोला सरी भरली हे कळत नाही. वीज आहे तोवर पाणी; ऊस भिजतो, बांध भिजतो, रस्ता भिजतो, आणि वर्षानुवर्षं असं चाललं की जमीन चोपण होते.

याच इनामगावला घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी 1968 ते 1983 अशी पंधरा वर्षं उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी अशी मातब्बर माणसं. तिथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा पाट आणि बांध निघाला. पुराचं पाणी वळवून घेण्याची ती सोय होती, असं या मंडळींनी सांगितलं. म्हणजे नदीला 'नको' म्हणून भागत नाही आणि 'ये' म्हटलं तर घर जातं, हे त्या लोकांना मोबाईलशिवाय कळलं होतं. त्यांनी नदीला 'एवढंच' असं सांगितलं.

तेव्हा यापुढे कुणी स्मार्ट वस्तू विकायला आला, तर वाद घालू नका. एवढंच विचारा, "किती?" तो जर लगेच किंमत सांगायला लागला, तर ओळखा: यंत्रही त्याच्याच वळणाचं असणार.