मिशन उठतं, फाइल उरते

ऑगस्ट २०२१च्या अखेरीस काबूलमधल्या ब्रिटिश दूतावासाच्या आवारात तालिबानचे बंदूकधारी फिरत होते. तिथं पोचलेल्या लंडनच्या ‘द टाइम्स’च्या बातमीदाराला जमिनीवर पडलेले कागद दिसले. दूतावासातल्या अफगाण कर्मचाऱ्यांची नावं, त्यांचे संपर्काचे तपशील आणि दुभाष्याच्या नोकरीसाठी अर्ज केलेल्यांचे बायोडेटा त्यात होते. त्याच महिन्यात, त्याच शहरात, अमेरिकी दूतावासानं नेमकं उलटं केलं. गाशा गुंडाळताना संवेदनशील कागद नष्ट करायचे, हा तिथला शिरस्ता. त्या धांदलीत व्हिसासाठी जमा असलेले काही अफगाणांचे पासपोर्टही गेले. एकानं कागद मागं टाकले, दुसऱ्यानं संपवले. जीव टांगणीला लागला तो दोन्हीकडे स्थानिक माणसाचाच.

दूतावास असो की मदतसंस्थेचं मिशन, असे कागद ज्या टेबलावरून जातात ते टेबल बातमीत कधी येत नाही. परदेशी मदतीच्या फोटोत तंबू असतात, धान्याची पोती असतात, संस्थेचं जाकीट घातलेला परदेशी अधिकारी असतो. आतल्या खोलीत लोखंडी कपाटाशेजारी बसलेली एचआर असिस्टंट नसते. ती बहुतेक वेळा त्याच देशातली असते. हजेरी, रजा, करारपत्रं, दर सहा महिन्यांची मुदतवाढ, पगाराची यादी, वैद्यकीय विमा, उमेदवारांना मुलाखतीचे फोन हे सगळं तिच्याकडे. शिवाय नव्यानं आलेल्या परदेशी साहेबांच्या वर्क परमिटसाठी मंत्रालयात चकरा मारायच्या त्याही तिनंच.

आपल्या सरकारी कचेरीत जिला आस्थापना शाखा म्हणतात, तीच ही. सेवापुस्तकातली एक नोंद राहिली तर काय होतं, हे कुठल्याही निवृत्त शिक्षकाला विचारावं. वेतनवाढीची तारीख चुकली म्हणून जिल्हा परिषदेच्या पायऱ्या झिजवलेली माणसं प्रत्येक गावात सापडतात. पण त्या शिक्षकामागं सरकार असतं, आणि ते गाशा गुंडाळून जात नाही. मदतसंस्थेचं मिशन मात्र जाण्यासाठीच आलेलं असतं.

मिशन गेल्यावर एकेका नोंदीवर काय अवलंबून असतं, ते अफगाणिस्तानात दिसलं. अमेरिकेसाठी काम केल्यामुळं ज्यांच्या जिवाला धोका आहे अशा अफगाणांसाठी अमेरिकी काँग्रेसनं २००९मध्ये विशेष व्हिसाचा कायदा केला. अर्जाला दोन पत्रं लागत. एक वरिष्ठाचं शिफारसपत्र, दुसरं एचआर विभागाचं, नोकरी कधीपासून कधीपर्यंत केली ते सांगणारं. किमान नोकरीची अट आधी एक वर्षाची होती, २०१५मध्ये दोन वर्षांची झाली आणि जुलै २०२१च्या शेवटी, काबूल पडायला पंधरवडा उरला असताना, परत एक वर्षावर आली. म्हणजे रुजू झाल्याची तारीख टाइप करताना महिना चुकला, तर एखादं अख्खं कुटुंब अटीच्या अलीकडे राहू शकत होतं. गोम आणखी पुढं आहे. अमेरिकी सरकारचं कंत्राट घेतलेल्या कंपनीतला कर्मचारी या व्हिसाला पात्र ठरे. त्याच सरकारच्या अनुदानावर किंवा सहकार्य करारावर चालणाऱ्या संस्थेतला मात्र अपात्र ठरे. दोघं एकाच जिल्ह्यात, एकाच शाळेच्या कामावर राबले असले तरी. अशा लोकांसाठी २ ऑगस्ट २०२१ रोजी निराळी सोय जाहीर झाली. त्यात संस्थेनं आपल्या माणसाचं नाव कळवायचं आणि त्या माणसानं आधी स्वतःच्या हिकमतीवर देशाबाहेर पडायचं.

आता एचआरचं ते पत्र लिहायला बसलेल्या असिस्टंटपुढं काय असतं ते जवळून पाहू. अर्जदाराचा तझकिरा, म्हणजे अफगाण ओळखपत्र. जुन्या तझकिऱ्यावर जन्मतारीख नसतेच. अमुक साली चेहऱ्यावरून वय बारा वर्षं, अशी नोंद असते, आणि ते सालही सौर हिजरी कालगणनेतलं. इंग्रजी फॉर्मला दिवस, महिना, वर्ष हवंच, म्हणून मग १ जानेवारी. मराठी वाचकाला यातली गंमत समजावून सांगायला नको. गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जून लिहून टाकला, अशांची अख्खी पिढी आपल्यात आहे आणि फेसबुकवर त्या दिवशी शुभेच्छांचा पाऊस पडतो. अफगाणाचं नावही पुष्कळदा एकच, आडनाव नाही. अमेरिकी व्हिसात पहिल्या नावाचा रकाना रिकामा ठेवत नाहीत. तिथं ‘पहिलं नाव माहीत नाही’ या अर्थाची एफ, एन, यू ही तीन इंग्रजी अक्षरं छापतात. तिकडं पोचलेल्या कित्येकांचं मग कागदोपत्री ‘फनू’ हेच नाव होऊन बसलं. हसू येतं खरं. पण तझकिऱ्याच्या भाषांतरात एक स्पेलिंग, करारपत्रात दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं, असं झालं की ते तिन्ही कागद एकाच माणसाचे आहेत हे कुणी सांगायचं? ज्या बाईनं पहिल्या दिवशी त्याला समोर बसवून फॉर्म भरून घेतला, तिनंच सांगायचं. आणि तोवर तिची स्वतःची नोकरी गेलेली असते, ईमेल बंद झालेला असतो.

पत्राचं वजन सगळ्यांना सारखं नसतं, हेही इथं नोंदवायला हवं. हैतीतल्या भूकंपानंतर तिथं काम करणाऱ्या ऑक्सफॅम या मदतसंस्थेच्या प्रमुख अधिकाऱ्यानं लैंगिक गैरवर्तनाच्या चौकशीनंतर २०११मध्ये राजीनामा दिला. पुढं त्याला बांगलादेशात दुसऱ्या मदतसंस्थेत तशीच मोठी नोकरी मिळाली. आपल्याला ऑक्सफॅमच्या माजी लोकांकडून अनुकूल शिफारशीच मिळाल्या होत्या, असं त्या संस्थेनं २०१८मध्ये प्रकरण फुटल्यावर सांगितलं. त्यानंतर २०१९पासून उमेदवाराच्या जुन्या गैरवर्तनाची माहिती संस्थांनी एकमेकांना द्यायची, अशी पद्धत सुरू झाली. उशिरा का होईना, बरं झालं. पण साहेबाला जे पत्र विनासायास मिळतं त्यासाठी ड्रायव्हरला का झिजावं लागतं, हा प्रश्न त्या सुधारणेत कुठंच नाही.

पगाराचंही तसंच, आणि तो भेदभाव नियमातच लिहिलेला आहे. संयुक्त राष्ट्रांत स्थानिक भरतीसाठी १९४९पासून फ्लेमिंग तत्त्व चालतं: त्या गावातले चांगले मालक जे देतात, त्याच्या तोडीचं द्यावं. आंतरराष्ट्रीय पदांसाठी नोबलमेअर तत्त्व: सर्वांत चांगला पगार देणाऱ्या देशाच्या नागरी सेवेकडे बघून ठरवावं. अमेरिकेचा १९८०चा परराष्ट्र सेवा कायदाही स्थानिक कर्मचाऱ्यांसाठी स्थानिक दरच सांगतो. न्यूझीलंडमधल्या स्टुअर्ट कार या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसह भारतासह सहा देशांत मदत आणि विकासक्षेत्रातल्या पगारांचा अभ्यास केला. त्यात परदेशी कर्मचाऱ्याचा पगार स्थानिकाच्या सरासरी चौपट निघाला. दोन्ही करारपत्रं टाइप करणारी बाई एकच. समोरच्या खोलीतल्या नवशिक्याला दर काही आठवड्यांनी विमानाचं तिकीट काढून विश्रांतीसाठी देशाबाहेर पाठवतात. ती रजाही तीच नोंदवते. तिच्या वाट्याला मात्र तेच शहर, तेच बॉम्बस्फोट.

स्थानिक दराच्या तत्त्वाची एक बाजू खरी आहे. मदतसंस्थांनी जिनिव्हाच्या दरानं पगार वाटले, तर सरकारी इस्पितळातला डॉक्टर उठून संस्थेत दुभाष्या होईल. अनेक गरीब देशांत थोड्याफार प्रमाणात हे घडतंच. म्हणून ‘सर्वांना सारखा पगार’ ही घोषणा इथं पुरेशी नाही. पण पगारात देशादेशाचा फरक मान्य केला, तरी माणूस म्हणून असलेली देणी त्या फरकात कशी घालता येतील?

या टेबलाची दुसरी बाजू दक्षिण सुदानमध्ये दिसली. सप्टेंबर २०१४मध्ये तिथल्या कामगार मंत्रालयानं फतवा काढला: स्वयंसेवी संस्था, बँका, हॉटेलं, कंपन्या, सगळ्यांनी अमुक अमुक पदांवरच्या परदेशी लोकांना काढून दक्षिण सुदानी माणसं घ्यावीत. त्या पदांच्या यादीत कार्यकारी संचालक होते, स्वागतिका होत्या आणि एचआर व्यवस्थापकही होते. जगभर ओरड झाल्यावर सरकारनं माघार घेतली. पण यादी बनवणाऱ्यांना एक गोष्ट नीट कळलेली होती: जिथं नोकऱ्या जवळपास नाहीत, तिथं नोकरीचा अर्ज ज्याच्या हाती तोच खरा सत्ताधीश. २०१८मध्ये मबान भागात नोकऱ्या मिळत नाहीत म्हणून चिडलेल्या तरुणांनी मदतसंस्थांच्या आवारांवर हल्ले केले. अशा गावात शॉर्टलिस्टचा कागद फलकावर लावणारी व्यक्ती संध्याकाळी त्याच वस्तीत घरी जाते. निवड समितीतला परदेशी सदस्य तारांच्या कुंपणाआड जातो. चुलत्याच्या मुलाचं नाव यादीत का नाही, याचं उत्तर तिनंच द्यायचं असतं, तेही जेवणाच्या ताटावर.

आणि मग तो फॉर्म, जो पहिल्या दिवशी भरून घ्यायचा आणि कधी उघडावा लागू नये अशी इच्छा करायची: आणीबाणीत कुणाला कळवायचं. ४ ऑगस्ट २००६ रोजी श्रीलंकेतल्या मुतूर इथं एका फ्रेंच मदतसंस्थेचे १७ कर्मचारी त्यांच्याच कार्यालयाच्या आवारात गोळ्या घालून मारले गेले. सतराच्या सतरा स्थानिक. १९९४च्या वंशसंहारात रवांडातून परदेशी लोकांना विमानानं हलवलं गेलं. मागं राहिलेल्यांपैकी एकट्या ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’नं शंभराहून अधिक स्थानिक सहकारी गमावले. संयुक्त राष्ट्रांच्या म्हणण्यानुसार २०२४ या एका वर्षात जगभर ३८३ मदतकर्मी मारले गेले आणि त्यांत बहुसंख्य आपापल्याच देशात काम करणारे होते. देशाबाहेर काढायची वेळ आली की सर्वसाधारण नियम आजही तोच आहे: आंतरराष्ट्रीय कर्मचारी बाहेर, स्थानिक घरी. विमानाची यादी करायला मात्र तीच एचआर असिस्टंट बसते, आणि त्या यादीत तिचं नाव नसतं.

२०२५मध्ये तर विमानाचाही प्रश्न उरला नाही. १९६१मध्ये केनेडींनी स्थापन केलेली अमेरिकेची मदतसंस्था यूएसएड काही महिन्यांत मोडीत काढली गेली. ज्या पिढीनं रेशनवरचा अमेरिकन लाल ज्वारी, म्हणजे मिलो, नाकं मुरडत का होईना खाल्ली, तिला अमेरिकी मदतीची ओळख करून द्यायला नको. मदतीमागचं राजकारणही तिला ठाऊक आहे. पण आत्ता मुद्दा त्या राजकारणाचा नाही. या संस्थेत दहा हजारांवर माणसं होती आणि त्यांतली सुमारे दोन तृतीयांश परदेशांत काम करत होती. २० जानेवारीला मदत गोठवण्याचा आदेश निघाला, १ फेब्रुवारीला वेबसाइट गायब झाली, महिनाअखेरीपर्यंत बहुतेकांना सक्तीच्या रजेवर पाठवलं गेलं. कित्येकांना आपल्याच कार्यालयाच्या संगणकात शिरता येईना. १ जुलैला संस्थेचं काम अधिकृतपणे परराष्ट्र खात्याकडे गेलं, आणि परदेशांतली उरलीसुरली सगळी पदं, स्थानिकांसकट, ३० सप्टेंबरपर्यंत रद्द करायचं ठरलं.

ही मदत चालू राहायला हवी होती की नको, यावर वाद घालता येतो. माणसांना असं सोडण्यावर वाद घालायला जागा नाही. वीस वर्षं एका मिशनमध्ये काम केलेल्या माणसाला उद्या व्हिसासाठी, नव्या नोकरीसाठी किंवा पेन्शनसाठी ‘मी तिथं होतो’ हे सिद्ध करायचं असेल, तर तो कुणाला फोन लावणार?

याचं उत्तर महागडं नाही, त्याला लागतं ते फक्त मन. प्रत्येक देणगीदार सरकारनं मदतीच्या करारातच लिहावं की मिशन बंद करताना प्रत्येक स्थानिक कर्मचाऱ्याला कामाचा काळ, पद आणि कराराचा प्रकार सांगणारं सही-शिक्क्याचं पत्र शेवटच्या पगाराबरोबर मिळेल. त्याची प्रत सुरक्षित जागी, त्या देशाबाहेर राहील. आणि पंचवीस वर्षांनीही कुणी विचारलं तर उत्तर देणारं एक कार्यालय असेल. ग्रॅच्युइटीची रक्कम मिशनच्या चालू खात्यात न ठेवता वेगळी ठेवावी. काबूलमध्ये पडलेले बायोडेटा आठवले, तर हे कागद कुठं ठेवू नयेत याचाही नियम त्यातच हवा.

अडचण पैशाची असती तर समजून घेता आली असती. पण अमेरिकी अनुदानाचे नियम बघा. त्या पैशानं घेतलेल्या यंत्रसामग्रीची नोंदवही ठेवावी लागते, तीत प्रत्येक वस्तूचा क्रमांक लागतो, दर दोन वर्षांनी वस्तू प्रत्यक्ष मोजाव्या लागतात, आणि प्रकल्प संपल्यावर त्यांचं काय करायचं तेही ठरवून दिलेलं असतं. कागदपत्रं मात्र शेवटचा खर्चाचा अहवाल दिल्यापासून तीन वर्षं ठेवली की सुटका, कारण तेवढी हिशेब तपासायला पुरतात. मिशनच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभ्या जनरेटरच्या पाठीवर स्टिकर असतो, त्याचा नंबर यादीशी जुळवून मगच तो कुणाला तरी सोपवतात. जुळवायला यादी घेऊन अंगणात उभी असते ती पुष्कळदा एचआर असिस्टंटच, कारण तोवर कार्यालयात दुसरं कुणी उरलेलं नसतं.