पदक्रम : मुभा आणि मर्यादा

मराठी वाक्यातील क्रियापद शेवटच्या जागेवरून हलले की आपल्या समीक्षेला लगेच इंग्रजीचा वास येतो. कर्ता-कर्म-क्रियापद ही शालेय चौकट मोडणारे गद्य 'इंग्रजी वळणाचे' ठरविले जाते आणि तेवढ्यावर शैलीविचार आटोपतो. मेहकरच्या परिसरातील, इंग्रजीशी सुतराम संबंध नसलेला शेतकरी मात्र 'गेला गनपत मेहकरले' असे सहज म्हणून जातो. क्रियापदाने वाक्य उघडणे तर इंग्रजीच्या साध्या विधानवाक्याला सहसा मानवतही नाही. मग हे वळण इंग्रजीचे कसे? तेराव्या शतकातील 'लीळाचरित्रा'च्या गद्यातही क्रियापदामागून पदे येतात. त्याचा दोष कोणाच्या माथी मारायचा?

या आक्षेपकांना उत्तर देणारा पक्षही तितकाच उतावळा आहे. तो लॅटिनचा दाखला देतो. 'कानिस होमिनेम मोर्देत' (कुत्रा माणसाला चावतो) यातील पहिली दोन पदे उलटवली तरी चावणारा कुत्राच राहतो, कारण कर्म प्रत्ययाने बांधलेले आहे. इंग्रजीत तीच उलथापालथ केली तर माणूस कुत्र्याला चावतो. मराठीला विभक्ती आहे, म्हणून ती लॅटिनसारखी मुक्त, असा हा युक्तिवाद. 'झाड घर पाडते' हे वाक्य त्याला पुरेसे आहे. दोन्ही नामे नपुंसकलिंगी, दोन्ही प्रत्ययहीन. येथे पदे उलटली की सहसा घरच झाड पाडू लागते. 'झाडाने घर पाडले' म्हणताच 'ने' आधाराला येतो आणि क्रम मोकळा होतो. 'उंदीर मांजर खाते' यात प्रत्यय नाही, तरी 'खाते' हे रूप मांजराकडे बोट दाखवते. म्हणजे मराठीची मुभा काळ, लिंग, प्रत्यय यांप्रमाणे वाक्यागणिक बदलते. ती सरसकट नाही, आणि उसनी तर नाहीच.

दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली आले. त्यामागे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता आणि त्या नमुन्यामागे लॅटिनचा. (परक्या प्रभावाची एवढी धास्ती असणाऱ्यांनी या वंशावळीकडे सोयीस्कर काणाडोळा केला आहे.) मराठीचा पदक्रम तिच्या बोलींतून तपासण्याचे काम मात्र समीक्षेने आपले मानले नाही. 'गनपत मेहकरले गेला' हे 'कुठे' या प्रश्नाचे उत्तर होऊ शकते. 'मेहकरले गनपत गेला' हे 'कोण' याचे. आणि 'गेला गनपत मेहकरले' यात त्याचे जाणे, बहुधा बरीच वाट पाहायला लावून, एकदाचे घडलेले असते.