परक्या बागेतले उक्ते काम

‘वर्षभर ऑस्ट्रेलिया हिंडून येते. खर्चाची काळजी नको, तिथे फळे तोडीन,’ असे मुलीने जेवताना सांगावे आणि आईची तव्यावरची पोळी करपावी, हा प्रसंग आता भारतीय घरांतही घडू शकतो. शिकल्यासवरलेल्या मुलीने शेतमजुरी करायची, आणि तीही परदेशात? परंतु ब्रिटन, जर्मनी, जपान, कोरिया येथील तरुण मुले कित्येक वर्षे असाच प्रवास करीत आली आहेत. दोन महिने काम, मग पुढचे गाव.

भारतीयांसाठी ही वाट २०२४ मध्ये उघडली. दोन्ही देशांतील व्यापार करारानुसार १८ ते ३० वर्षे वयाच्या १००० भारतीयांना दरवर्षी ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा मिळू शकतो. बारावीनंतर किमान दोन वर्षांचे शिक्षण, कामापुरते इंग्रजी आणि तिकिटाखेरीज सुमारे ५००० ऑस्ट्रेलियन डॉलर गाठीशी हवेत. नावे सोडतीने निघतात. ऑक्टोबर २०२४ मधील पहिल्या सोडतीसाठी दोन आठवड्यांतच सुमारे ४०,००० अर्ज गेले होते! नाव न निघालेल्यांना मग ‘फार्म व्हिसा’ विकणारे एजंट भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. पॅसिफिक बेटे व तिमोर-लेस्ते येथील मजुरांसाठी वेगळी योजना आहे, पण ती भारतीयांना लागू नाही. पर्यटक व्हिसावर पगारी काम करणे तर सरळसरळ बेकायदाच.

तिथले हंगाम आपल्या उलट असतात. टास्मानिया आणि न्यू साउथ वेल्समधील यंग येथे नोव्हेंबर ते जानेवारी चेरी, मिल्ड्युरा भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षे, त्याच सुमारास बॅटलोला सफरचंदे, तर क्वीन्सलँडमधील टली व इनिसफेल येथे बारमाही केळी. कुठे केव्हा माणसे लागतात याची माहिती सरकारची ‘हार्वेस्ट ट्रेल’ ही सेवा विनामूल्य देते. म्हणजे नुसते काम शोधून देण्यासाठी कुणी पैसे मागितले, की तिथूनच मागे फिरावे.

खरी मेख मजुरीत आहे. मराठी माणसाला ती चटकन समजेल, कारण रोजंदारी आणि उक्ते यांतला फरक आपल्याकडे कांदा काढणाऱ्या बाईलाही ठाऊक असतो. सफरचंदे तोडणारा गळ्यात पिशवी अडकवून शिडीवर चढतो आणि पिशवी मोठ्या पेटीत रिकामी करतो. या पेटीला तिथे ‘बिन’ म्हणतात. एका बिनमध्ये साधारण ४०० किलो सफरचंदे मावतात आणि उक्त्या कामात पैसे बिनमागे मिळतात. समजा, बिनला ५० डॉलर ठरले. सरावलेला गडी दीड तासात ती भरेल. काल-परवा शहरातून आलेल्या मुलाला चार तास लागले, तर त्याच्या हाती तासाला साडेबारा डॉलर पडतात. जुलै २०२५ मध्ये त्या देशाचे सर्वसाधारण किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झाले होते, हे लक्षात घेतले म्हणजे मुलगा किती नाडला गेला ते कळेल.

असे अनेक वर्षे चालले. शेवटी तिथल्या फेअर वर्क कमिशनने निर्णय दिला आणि २८ एप्रिल २०२२ पासून बागायतीतील उक्त्या मजुरालाही तासाच्या किमान मजुरीची हमी मिळाली. बिन कमी भरल्या तरी तितके पैसे द्यावेच लागतात. त्यासाठी मालकाने तासांची नोंद ठेवायची असते आणि उक्ता दर लेखी द्यायचा असतो. दरही असा हवा, की सरासरी वेगाच्या जाणत्या मजुराला किमान मजुरीपेक्षा निदान १५ टक्के जास्त मिळतील. बागायतीचा नेमका दर फेअर वर्क ओम्बड्समनच्या तक्त्यात पाहावा. शिवाय प्रत्येकाने खिशात छोटी वही ठेवून आले-गेल्याची वेळ स्वतः लिहावी. मालकाची वही आणि आपली वही जुळली नाही, तर हीच वही उपयोगी पडते.

पुष्कळदा काम शेतकरी देत नाही, कंत्राटदार देतो. ऊसतोडीतला मुकादम म्हणा ना! क्वीन्सलँड, व्हिक्टोरिया व दक्षिण ऑस्ट्रेलियात अशा कंत्राटदाराला परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी कुणालाही पाहता येते. कंत्राटदार हिंदीत गोड बोलला म्हणून यादी पाहायचे टाळू नये. पासपोर्ट तर कुणाच्याही हवाली करू नये.

राहण्याची सोय बहुधा वसतिगृहात असते आणि तिथला व्यवस्थापकच काम मिळवून देतो. इथे मुलांची अडचण होते. पाऊस लागला की तोडणी बंद पडते, पण भाडे मात्र चालूच राहते. दोन आठवड्यांचे भाडे आगाऊ भरून ‘उद्या काम येईल’ या आशेवर बसलेली मुले पुढे कोणत्याही दराला हो म्हणतात. भाड्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे जागेची पाहणी. जून २००० मध्ये क्वीन्सलँडमधील चिल्डर्स येथे फळतोडणीसाठी आलेल्या तरुणांच्या वसतिगृहाला एकाने आग लावली आणि १५ जण दगावले. धुराची सूचना देणारी यंत्रणा तिथे चालू नव्हती आणि खोलीतल्या काही खिडक्यांना गज होते. मुलीचा फोन आला की आईने जेवणाखाण्याबरोबरच खोलीला दुसरे दार आहे का, हेही विचारावे.

मुले अन्याय मुकाट्याने का सोसतात? कारण ठरावीक ग्रामीण भागांत तीन महिने शेतीकाम केले, की दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. मालकाशी भांडलो तर दिवस बुडतील, ही धास्ती असते. पण गंमत अशी, की पगारपत्रकाशिवाय रोख घेतलेल्या मजुरीचे दिवस सिद्ध करणेच कठीण, आणि जेवणाच्या बदल्यात फुकट राबलेले दिवस तर धरलेच जात नाहीत. म्हणजे गप्प राहूनही ते दिवस बुडतातच. काम घेण्यापूर्वी बागेचा पिनकोड सरकारी यादीत आहे ना, तेही पाहावे. तो नसेल तर तीन महिन्यांचा घाम वाया.

जाताच टॅक्स फाइल नंबर काढून घ्यावा. मालक मजुरीखेरीज ‘सुपर’ म्हणजे निवृत्तिनिधीतही पैसे भरतो. देश सोडून व्हिसा संपल्यावर तो मागता येतो. मात्र या व्हिसावरच्यांच्या सुपरमधून ६५ टक्के कर कापला जातो, तेव्हा परतीचे तिकीट त्या पैशांवर काढायचे ठरवू नये.