हेराने नाव घेऊ नये

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि आज जरा भांडायचंच आहे. विषय तुम्हाला गमतीचा वाटेल : हेरांच्या सिनेमातले टाळीचे संवाद. सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त मास्तराने पंचवटीत बसून रामकुंडावरच्या गर्दीबद्दल लिहावं, गुडघेदुखीबद्दल लिहावं, हेरगिरीशी त्याचा काय संबंध, असं आमच्या घरातूनही विचारून झालं आहे. पण आयुष्यभर मराठी शिकवलं. मुलांच्या निबंधातली अनावश्यक वाक्यं लाल शाईने खोडली. ती खोड आता जायची नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना चिडायचंय त्यांना लवकर चिडता येईल. आपल्याकडच्या हेरपटात ज्याला आपण 'काय डायलॉग आहे!' म्हणतो, तो बहुतेक वेळा चतुर नसतो आणि हेराचा तर नसतोच नसतो. ती घोषणा असते. आणि घोषणा देणारा हेर म्हणजे दवंडी पिटून चोरीला निघालेला चोर.

उदाहरणं घेऊ. 'पठान' (२०२३) मधलं गाजलेलं वाक्य : पठाणच्या घरी पार्टी ठेवलीत तर पाहुणचाराला पठाण येणारच, आणि फटाकेही आणणार. त्याच वर्षीचा 'टायगर ३' : जोवर टायगर मेला नाही, तोवर टायगर हरला नाही. दोन्ही वाक्यांना थिएटरात शिट्ट्या पडल्या. नटांबद्दल माझी तक्रार नाही, दोघेही आपलं काम जाणतात. पण वाक्याकडे बघा. दोन्हीकडे हेर काय करतोय? स्वतःचं नाव घेतोय! तेही एकदा नाही, दोन-दोनदा. आमच्याकडे लग्नात नवरीला 'नाव घे, नाव घे' म्हणून आग्रह करावा लागतो, मग ती लाजत उखाणा घेते. इथे कुणी आग्रहही करत नाही, तरी हा गडी आपलाच उखाणा आपणच घेतो.

आता कुणीतरी म्हणेल, 'मास्तर, मग बाँडचं काय? तोही नाव सांगतोच की!' बरोबर. म्हणूनच तो प्रसंग नीट बघा. 'डॉक्टर नो', १९६२. जुगाराच्या टेबलाशी समोर एक बाई हरत बसली आहे. हा तिच्या धाडसाचं कौतुक करून नाव विचारतो. ती आधी आडनाव सांगते, मग पूर्ण नाव : ट्रेंच, सिल्व्हिया ट्रेंच. लगेच ती त्याच्या नशिबाचं कौतुक करून त्याचं नाव विचारते. तो सिगारेट पेटवता पेटवता तिच्याच चालीत उत्तर देतो : बाँड, जेम्स बाँड. म्हणजे जगात गाजलेलं ते वाक्य मुळात प्रत्युत्तर आहे. तिची चाल तिलाच परत केली आहे. गंमत आहे ती त्या परत करण्यात. पुढे लोकांनी उत्तर तेवढं लक्षात ठेवलं, बाई विसरले, आणि त्याची घोषणा झाली.

'गोल्डफिंगर' (१९६४) घ्या. बाँडला टेबलावर बांधलंय, लेसरचा किरण पायांकडून वर सरकतोय. तो विचारतो, मी बोलावं अशी तुमची अपेक्षा आहे का? खलनायक जाता जाता म्हणतो, छे छे बाँड, तुम्ही मरावं अशी माझी अपेक्षा आहे. बघा, टाळीचं वाक्य खलनायकाला दिलंय! नायक लहान झाला का? उलट प्रसंगाची धार वाढली. आणि ते वाक्य आधीच्या प्रश्नाशिवाय उभंच राहत नाही. पुढे 'कसिनो रोयाल' (२००६) मध्ये बाँड मोठी रक्कम हरून दारू मागतो. बारवाला त्याला ते प्रसिद्ध हलवलेली-की-ढवळलेली विचारतो, तर हा खेकसतो की त्याची पर्वा करणारा दिसतो का मी? चाळीस वर्षं घासलेल्या वाक्याची स्वतःच टर उडवायची, याला म्हणतात विनोदबुद्धी.

मराठीने हा फरक क्रियापदातच सांगून ठेवलाय. संवाद 'साधतात'. डायलॉग 'मारतात'. साधायला समोर माणूस लागतो. मारायला भिंतही चालते.

साहेबाचं कौतुक पुरे. आपल्याकडे काय कमी आहे? विशाखदत्ताचं 'मुद्राराक्षस' म्हणजे आपलं जुनं, अव्वल हेरनाट्य. पहिल्याच अंकात चाणक्याचा हेर निपुणक यमाचं चित्र दाखवत भिक्षा मागणाऱ्याच्या वेषात येतो. दारात शिष्य अडवतो. हेर म्हणतो, तुझे गुरुजी सर्वज्ञ ना, मग चंद्र कुणाला आवडत नाही तेवढं त्यांनी सांगावं. शिष्याला वाटतं, हे काय खुळ्यासारखं! हेर म्हणतो, तुला एवढंच कळेल की कमळांना चंद्र आवडत नाही. आत बसलेला चाणक्य मात्र चमकतो. 'चंद्र' म्हणजे चंद्रगुप्त, आणि त्याला विरोध करणारी माणसं या हेराला सापडली आहेत! एकच वाक्य. बाहेरच्याला कमळाची गोष्ट, आतल्याला राजकारणाची बातमी. हेराच्या तोंडी शोभणारं वाक्य ते हे. त्यात काहीतरी लपवलेलं असतं, आणि ज्याला कळायला हवं त्यालाच ते कळतं.

आमच्या पंचवटीची कथा तरी दुसरं काय सांगते? सीतागुंफेशी रांगेत उभे राहणारे भाविक ती रोज ऐकतात. मारीच हरणाच्या रूपात आला, रामाचा बाण लागला, आणि मरताना त्याने रामाच्या आवाजात सीतेला आणि लक्ष्मणाला हाक मारली. एक हाक! तीही दुसऱ्याच्या आवाजात. तिने लक्ष्मण हलला आणि पुढचं सगळं रामायण घडलं. मागोमाग रावण आला तो संन्याशाच्या वेषात, वेदघोष करत. 'मी लंकेचा राजा' अशी आरोळी त्याने अंगणातून ठोकली नाही. आपलं नाव सांगितलं ते नंतर, आणि नाव सांगितल्यावर त्या सोंगाचा उपयोगही संपला. वेषांतराचं हे गणित आपल्या आज्ज्यांनाही ठाऊक होतं. पटकथाकारांना कुणी शिकवायचं?

आता इतिहासाकडे येतो, कारण माझं खरं दुखणं तिथे आहे. ५ एप्रिल १६६३ ची रात्र. पुण्यात लाल महालात शाहिस्तेखान, भोवती मोगली छावणी. महाराज मोजकी माणसं घेऊन छावणीत शिरले. जदुनाथ सरकारांच्या शिवचरित्रात प्रसंग आहे : पहारेकऱ्यांनी हटकलं तेव्हा उत्तर गेलं की आम्ही बादशाही फौजेतलेच दख्खनी शिपाई, नेमलेल्या जागी पहाऱ्याला चाललोय. बस्स. इतकं साधं, इतकं कंटाळवाणं वाक्य की पहारेकऱ्याला ऐकता ऐकता जांभई यावी. आणि त्या वाक्यावर शेकडो माणसांचे प्राण आणि स्वराज्याचं नशीब तोललेलं होतं. मला विचाराल तर मराठी मुलखात बोललं गेलेलं हेरगिरीचं सर्वांत थोर वाक्य ते हे आहे. हल्लीच्या सिनेमात पहारेकऱ्याने 'कोण आहे?' विचारलं की नायक सावकाश वळतो, वारा नसताना उपरणं उडतं, आणि तो गरजतो, 'तुझा काळ!' थिएटरात टाळी. पण खऱ्या छावणीत? नगारा वाजला असता आणि मोहीम तिथेच संपली असती. खानाची बोटं शाबूत राहिली असती.

बहिर्जी नाईकांचं तर फारच वाईट वाटतं. 'फत्तेशिकस्त' (२०१९) सारख्या चित्रपटांनी त्यांना घराघरात नेलं, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्यामागोमाग जी लाट आली, रील्स, एकपात्री, शाळांची स्नेहसंमेलनं, त्यात बहिर्जी हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठ्याने ओरडणारा माणूस होऊन बसलाय. सभासदाच्या बखरीत तो दोन मोक्याच्या जागी येतो. एकदा सुरतेची खबर आणतो : तिथे अमाप द्रव्य सापडेल. ती बातमी, आणि जानेवारी १६६४ मध्ये सुरतेची मोहीम. दुसरा प्रसंग आपल्या शेजारचा. १६७९ च्या अखेरीस जालन्याहून लुटीच्या ओझ्यानिशी परतताना संगमनेरच्या बाजूला मोगल आडवे आले, मोठी लढाई झाली, सिधोजी निंबाळकर पडले. तेव्हा बहिर्जीने आडवाटेने, शत्रूची गाठ न पडू देता, तीन दिवस-रात्र चालवत महाराजांना पट्टागडावर आणलं. तोच विश्रामगड. आपल्या सिन्नरच्या आणि अकोल्याच्या सीमेवरचा डोंगर. नाशिककर मुलं पावसाळ्यात तिथे सहलीला जातात.

त्या वाटचालीत बहिर्जी काय बोलला असेल? 'इकडून', 'हळू', 'दिवटी विझवा'. एवढंच. टाळीचं एकही वाक्य नाही. पण त्या न बोलण्याने महाराज गडावर सुखरूप पोचले. कमी बोलणं हाच ज्याचा पराक्रम होता, त्याच्या तोंडी आपण पानपानभर भाषणं कोंबतो आणि वर म्हणतो, आम्ही त्याला न्याय दिला!

मागे एका शाळेत बक्षीस द्यायला गेलो होतो. पाचवी-सहावीतला मुलगा फकीर होऊन आला, छान चालला, मग कफनी भिरकावून मोगल सरदारापुढे छाती ठोकून नाव सांगितलं. टाळ्यांचा कडकडाट. नंतर त्याला जवळ बोलावून विचारलं, 'बाळ, बहिर्जी खरंच असं ओरडला असता तर?' त्याने क्षणभर विचार केला. म्हणाला, 'सर, पकडला असता.' मुलाला कळतं! 'मग तू का ओरडलास?' तर म्हणाला, 'नाहीतर टाळ्या कशा पडणार?'

हे उत्तर मला अजून टोचतं. कारण प्रश्न सिनेमापुरता उरत नाही. शौर्य म्हणजे आवाज, हे आपण मुलांना शिकवतोय. आणि चतुराई म्हणजे समोरच्याला गप्प करणं. मग सोसायटीच्या सभेत, टीव्हीवरच्या चर्चेत, घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर (होय, आपल्याच!) सगळे एकेक वाक्य फेकून निघून जातात. उत्तर कुणाला नकोच असतं, टाळी हवी असते.

'पण मास्तर, पैसे देऊन माणूस करमणुकीला येतो. गप्प बसलेला हेर कोण बघेल?' हा आक्षेप मला मान्यच नाही. 'राझी' (२०१८) लोकांनी डोक्यावर घेतला, आणि त्यातली मुलगी मुख्यतः गप्प राहून, सासरच्यांशी गोड बोलून काम करते. तिच्या साध्यासुध्या बोलण्यानेच आपल्या पोटात गोळा येतो. इंग्रजीत 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' (२०११) मध्ये नायक सुरुवातीचा बराच वेळ तोंडच उघडत नाही, तरी नजर त्याच्यावरून हलत नाही. आणि आपल्या दारी येणारे बहुरूपी आठवा. पोलिसाच्या वेषात येऊन तुमच्यावर असले खुळे गुन्हे लावायचे की हसता हसता पुरेवाट. करमणूक पूर्ण, पण सोंग शेवटपर्यंत सुटत नसे. सोंग सोडून त्याने कधी 'मी अमक्याचा तमका' म्हणून छाती ठोकली नाही. गोंधळ्यांची करपल्लवी तर त्याहून पुढची. नुसत्या बोटांच्या खुणांनी दूरच्या साथीदाराला नाव कळवायचं, तोंडातून शब्द नाही. लोक बघत बसायचे. तेव्हा प्रेक्षकाला समजत नाही, ही सबब नको. प्रेक्षकाला समजतं. लिहिणाऱ्याला कष्ट नकोत.

शेवटी आपल्या रंगभूमीचंच उदाहरण देतो. आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच', १९६२. योगायोग बघा, 'डॉक्टर नो'चंच साल. प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे वेगवेगळी नावं आणि सोंगं घेऊन माणसांना फसवत फिरतो आणि कोर्टात शांतपणे म्हणतो, तो मी नव्हेच. लखोबा भामटा, हेर नव्हे, हे मलाही कळतं. पण वेष पालटून वावरणाऱ्या माणसाचं अस्सल वाक्य कोणतं हे अत्र्यांना बरोबर कळलं होतं. तिकडे बाँडने नाव सांगितलं, इकडे लखोबाने नाकारलं, आणि तीन शब्दांवर मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या हसला. त्या वाक्यात नाव नाही, गर्जना नाही, देशभक्तीची शपथ नाही. आहे तो फक्त निर्विकार चेहरा.

मराठीत नवा हेरपट कुणी लिहीत असेल तर त्याला या म्हाताऱ्याची एवढीच सूचना आहे. लिहून झालं की लाल शाई घ्या. हेर स्वतःचं नाव घेतो ते प्रत्येक वाक्य खोडा. मग जे उरेल, त्यात कमळ, चंद्र, पहाऱ्याची पाळी, काहीतरी साधंसुधं असेल. त्याच्या आत बातमी लपवा. प्रेक्षक शोधून काढेल.

जाता जाता : बहिर्जींची समाधी सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात बाणूरगडावर आहे. कुणी तिकडे गेलात तर हात जोडा, आणि कृपया घोषणा देऊ नका.