बुडबुड्यांचें वेष्टन

वर्ध्यासारख्या गांवींहि हल्लीं आठवड्यांतून एखादें तरी पार्सल घरोघर येतें. कोणाचा चष्मा, कोणाचें औषध, सुनेनें मागविलेली कांचेची बरणी, नातवाचें कसलेंसें यंत्र. खोकें उघडलें कीं वस्तूच्या आधीं हातीं लागतें तें एक पारदर्शक, फुगीर वेष्टन. त्यावर हरभऱ्याहून मोठे व सुपारीहून लहान असे बुडबुडे ओळीनें बसविलेले असतात. वस्तु ज्याची त्याच्याकडे जाते. वेष्टनावर मात्र घरांतील साऱ्या मुलांचा हक्क असतो, व पुढें अर्धा घटका पडवींत फटाफट आवाज चालतो. यास 'बबल रॅप' म्हणतात. ज्या वस्तूचा आपल्या घरांत इतका संचार झाला ती आली कोठून, ती करते काय, आणि काम झाल्यावर तिचें आपण काय करावें, एवढाच विचार या महिन्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम नांवाविषयीं. 'बबल रॅप' हें अमेरिकेंतील सील्ड एअर नामक कंपनीचें नोंदलेलें व्यापारी नांव आहे. परंतु आपल्याकडे जसें कोणत्याहि वनस्पति-तुपास डालडा म्हणण्याचा प्रघात पडला, तसें तें कोणीहि केलेल्या मालास लागूं लागलें. संस्कृतांत बुडबुड्यास 'बुद्बुद' म्हणतात, तेव्हां 'बुद्बुदवेष्टन' असा शब्द कोणीं योजिल्यास आमची हरकत नाहीं. पण तो बाजारांत चालेल अशी आशाहि नाहीं. आपल्या कवींनीं आणि संतांनीं हा बुडबुडा बहुतेक एकाच कामास लाविला होता, आणि तें म्हणजे देहाच्या क्षणभंगुरतेचा दृष्टांत देण्याच्या. आतां तोच दुसऱ्या भंगुर वस्तूंचा रक्षक होऊन बसला आहे, आणि ज्या पदार्थाचा तो घडविला तो पदार्थ तर आमच्या पणतवांनाहि पुरून उरेल! दृष्टांत देणारांची ही मोठीच पंचाईत झाली.

त्याच्या जन्माची कथा अशी. इ. स. १९५७ सालीं अमेरिकेच्या न्यू जर्सी संस्थानांत हॉथॉर्न नांवाच्या गांवीं आल्फ्रेड फील्डिंग हा अमेरिकन व मार्क शावान हा स्विस असे दोघे यंत्रज्ञ भिंतीस चिकटविण्याचा नव्या धर्तीचा कागद तयार करण्याच्या खटपटींत होते. न्हाणीघरास लावावयाचे दोन प्लास्टिकचे पडदे त्यांनीं उष्णतेनें एकमेकांस जोडले. मध्यें हवा कोंडून राहिली व साऱ्या पृष्ठभागावर फोड उठले. असा फोड आलेला कागद दिवाणखान्यांत कोण लावणार? तो कोणीं घेतला नाहीं. मग थंड मुलखांत झाडांसाठीं जीं कांचघरें बांधितात त्यांस हें पांघरूण म्हणून विकून पाहिलें. तेंहि साधलें नाहीं. तरीहि त्या दोघांनीं १९६० सालीं सील्ड एअर कंपनी काढली. त्याच सुमारास आय.बी.एम. कंपनीनें '१४०१' नांवाचें संगणकयंत्र बाजारांत आणिलें होतें. यंत्र किमती व आंतील अवयव अत्यंत नाजूक. सील्ड एअरचा फ्रेडरिक बॉवर्स नामक विक्रेता त्या कंपनीकडे गेला आणि, तुमचें यंत्र आमच्या वेष्टनांत पाठवून पहा, असें त्यानें सुचविलें. यंत्रें धड पोहोंचलीं व वेष्टनाचें भाग्य उघडलें. हें वेष्टन करण्याच्या कृतीचें पेटंट १९६४ सालीं मिळालें. झाड लाविलें एका फळासाठीं आणि आलें दुसरेंच, असा हा प्रकार होय. पण तें फळ ओळखणारा मनुष्य त्या दोघांहून निराळा, एक मालविक्या होता, हें आम्हांस विशेष वाटतें.

ज्या प्लास्टिकचें हें हल्लीं करितात तें पॉलिथिन. त्याचाहि शोध असाच अनपेक्षित लागला. १९३३ सालीं इंग्लंडांत आय.सी.आय. कंपनीच्या प्रयोगशाळेंत गिब्सन व फॉसेट हे दोघे इथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन दुसराच कांहीं प्रयोग करीत असतां भांड्याच्या तळाशीं मेणासारखा पांढरा पदार्थ सांपडला. दुसऱ्या महायुद्धांत रडारच्या तारांवर त्याचें आवरण घालीत. वेष्टन करण्याची आजची रीत सोपी आहे. पॉलिथिनचे दाणे वितळवून त्यांचा पातळ पापुद्रा काढितात. तो गरम असतांनाच भोंकें पाडलेल्या रुळावरून नेतात. भोंकांतून हवा ओढली म्हणजे पापुद्रा तेवढ्या जागीं आंत खेंचला जाऊन वाट्या तयार होतात. त्यांवर पाठीमागून दुसरा पापुद्रा चिकटविला कीं प्रत्येक वाटी आपापली हवा घेऊन बंद होते. चांगल्या मालांत हवा झिरपूं नये म्हणून मध्यें नायलॉनचा एक अतिसूक्ष्म थर घालितात. तो नसला म्हणजे बुडबुडे कांहीं दिवसांत मलूल होतात.

आतां थोडें पदार्थविज्ञान. वेगानें आलेला चेंडू झेलतांना मुलें हात मागें घेतात. थांबण्यास लागणारा वेळ लांबला म्हणजे आघाताचा जोर कमी होतो, हें त्यांच्या हातांस पुस्तकाशिवाय कळलेलें असतें. बुडबुड्यांतील हवा नेमकें हेंच करिते. ती दबते, आणि दबतां दबतां धक्का खाऊन टाकते. मग हवेनेंच जर काम होतें, तर प्लास्टिक कशाला? केवळ हवेस एका जागीं बसवून ठेवण्याला. आणि हें बसवून ठेवण्याचें काम आपल्या जिल्ह्यांत पूर्वींपासून कोण करीत आलें आहे, हें येथें सांगितलें पाहिजे.

आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांतील संत्रीं परगांवीं जात तीं लांकडाच्या खोक्यांत, खालीं-वर वाळलें गवत किंवा भंडाऱ्याकडील भाताचें तणस घालून. आतां त्यांच्या जागीं प्लास्टिकचे क्रेट व पुठ्ठ्याचीं खोकीं आलीं आहेत. पण तणस दिसेनासें झालें असें अजूनहि म्हणवत नाहीं. तणसाच्या काड्या पोकळ असतात व त्या एकमेकींवर आडव्यातिडव्या पडल्या म्हणजे त्यांच्या मध्येंहि हवा राहते. कापसाची गोष्ट तर बोलूंच नये! हिंगणघाट व पुलगांव येथील जिनांमुळें हा जिल्हाच कापसाचा. पिंजलेल्या रुईंत धाग्यांहून हवाच अधिक असते. कंदिलाच्या कांचा, आजीबाईंच्या बांगड्या, काळजीनें जपलेली अत्तराची कुपी, हें सर्व कापसांत ठेवण्याची चाल याच कारणानें पडली. कारण कोणीं सांगितलेलें नसलें तरी अनुभव पक्का होता. गोधडी ऊब देते तीहि आपल्या थरांत कोंडलेल्या हवेच्या बळावर. तणसाचा एक अधिक गुण असा कीं त्यांतून वारा खेळतो. आंब्यांची अढी तणसांतच घालितात, आणि कोणीं बुडबुड्यांच्या वेष्टनांत फळें गुंडाळून ठेविलीं तर आंत घाम साचून तीं नासतील.

वर्ध्याच्या मनुष्यास या ठिकाणीं मगनवाडीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें ठाणें तेथें होतें. हातकागद, घाणीचें तेल, मधुमक्षिका असे उद्योग तेथें शिकविले जात, आणि १९३८ सालीं गांधीजींच्या हस्तें उघडलेलें मगन संग्रहालय आजहि तेथें आहे. संघाचे मंत्री जे. सी. कुमारप्पा हे अर्थशास्त्रज्ञ. त्यांनीं आपल्या लिखाणांत संपत्तीचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक सांठ्याची, दुसरी प्रवाहाची. कोळसा व खनिज तेल हा सांठा. तो उपसला कीं भरून येत नाहीं, आणि त्याच्या मालकीवरून राष्ट्रें भांडतात. पीक, गवत, लांकूड हा प्रवाह. यंदां घेतलें तरी पुढल्या वर्षीं पुन्हां उगवतें. या कसोटीस लावून पाहिलें तर तणस व कापूस एका बाजूस पडतात आणि तेल व नैसर्गिक वायु यांपासून होणारें हें वेष्टन दुसऱ्या बाजूस. कुमारप्पा १९६० च्या जानेवारींत वारले. सील्ड एअर कंपनीहि त्याच वर्षाची. हा केवळ योगायोग आहे, त्यांत आम्ही अधिक कांहीं पाहत नाहीं.

तथापि वेष्टन टाकाऊ आहे असा आमचा पक्ष नाहीं. तें हलकें आहे, पाण्यानें भिजत नाहीं, त्यास उंदीर बिळासाठीं नेतील एवढेंच भय, कीड लागत नाहीं. आणि कांचेची वस्तु फुटली तर ती करण्यास लागलेलें इंधन, वाहतूक व श्रम हें सर्वच वायां जातें. एका तावाच्या जोरावर बरणी दिल्लीहून वर्ध्यास धड आली तर त्या तावानें आपलें मोल फेडलें. आमचें म्हणणें इतकेंच कीं एकदां फेडलें म्हणून त्यास रजा देऊं नये. गांधीजी आलेल्या पत्रांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत. सेवाग्रामच्या शेजारीं राहणाऱ्यांस वेष्टन पुन्हां वापरण्याचा धडा नव्यानें द्यावा लागूं नये. घरांत एक मोठी पिशवी याकरितां टांगावी. चिकटपट्टी ओढून न काढतां कात्रीनें कापावी, म्हणजे बुडबुडे फुटत नाहींत.

पुण्यास किंवा परदेशीं मुलांकडे लोणचें पाठविणाऱ्या भगिनींसाठीं दोन शब्द. वेष्टन धक्का सोसतें, तेल अडवीत नाहीं. म्हणून बरणीचें तोंड आधीं निराळें बांधावें. लहान बुडबुडे हलक्या वस्तूस पुरतात. भरल्या बरणीच्या भारानें ते चेपून जातात व चेपलेला बुडबुडा कुचकामाचा. अशा वेळीं मोठे बुडबुडे घ्यावेत किंवा दोन-तीन वेढे द्यावेत. दोन बरण्या एकाच वेढ्यांत कधींहि गुंडाळूं नयेत. बुडबुडे वस्तूकडे ठेवावे हें सामान्यतः बरें, ते तिच्या उंचसखल अंगास बिलगतात. शेवटीं खोकें कानाशीं धरून हालवावें. आंत कांहीं वाजलें तर मोकळ्या कोपऱ्यांत जुनीं वर्तमानपत्रें चुरगाळून भरावीं.

कांहीं घरीं उन्हाळ्यांत खिडकीच्या कांचेस हें चिकटवितात. थंडीच्या देशांत त्यानें खोलींतील ऊब टिकते हें खरें. वर्ध्याच्या मे महिन्यांत प्रश्न उलटा आहे; सूर्यकिरण पारदर्शक वेष्टनांतून सरळ आंत येतात. पश्चिमेच्या खिडकीस बाहेरून वाळ्याचा ताटा लावणें अधिक शहाणपणाचें.

राहिलीं मुलें. बुडबुडे फोडण्याचा मोह मुलांनाच होतो असें म्हणणें खरेपणाचें होणार नाहीं. निवृत्त मनुष्यांचीहि बोटें तिकडे वळतात. २०१५ सालीं सील्ड एअरनें न फुटणारा एक प्रकार काढला. त्यांत बुडबुडे एकमेकांस जोडलेले असल्यामुळें एक दाबला तर हवा शेजारच्यांत पळते. माल सपाट पाठवून जागेवर हवा भरतां यावी हा त्यांतला हेतु. पण ज्यांस फोडण्याचा नाद होता ते लोक फार नाराज झाले म्हणतात. एकत्र कुटुंबांत तोडगा असा कीं ज्या तावांतील बरेचसे बुडबुडे आधींच बसले आहेत तेवढा मुलांस द्यावा व धडके ताव पिशवींत जावे. अगदीं तान्ह्या मुलाजवळ मात्र कोणताहि ताव पडूं देऊं नये. नाकातोंडावर बसल्यास श्वास कोंडतो.

फुटका ताव कोठें जातो, हा प्रश्न याहून गंभीर आहे. महाराष्ट्रांत २०१८ सालीं पिशव्या, थर्माकोल इत्यादींवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदांच वापरावयाच्या प्लास्टिकच्या कित्येक वस्तु वर्ज्य झाल्या. मिठाईच्या खोक्यांवर व निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळावयाचा पातळ प्लास्टिकचा पापुद्रा त्या यादींत आहे, हें वेष्टन नाहीं. म्हणजे कायदा आपल्या वतीनें विचार करणार नाहीं. कित्येक घरीं तें न्हाणीच्या बंबांत घालितात. हें सर्वथा वाईट. धूर विषारी असतो व तो प्रथम बंब पेटविणाऱ्या बाईच्याच छातींत जातो. दुसरी रीत याहून घातक. सकाळीं नैवेद्याच्या पानांतून गोग्रास काढावयाचा आणि दुपारीं उष्टें-खरकटें प्लास्टिकमध्यें गुंडाळून कोपऱ्यावर टाकावयाचें! गायीस गांठ सोडवितां येत नाहीं. ती अन्नासहित सर्व गिळते. तिच्या पहिल्या जठरांत प्लास्टिक विरत नाहीं, पुढेंहि सरकत नाहीं, त्याचे गुंते वाढत जातात व पोट भरलेलें असून ती अन्नावांचून वाळते. जनावरांचे डॉक्टर पोट चिरून असे गोळे बाहेर काढितात. तेव्हां ताव कोरडा करावा, कागद व चिकटपट्टी वेगळी करावी, इतर प्लास्टिकपासून निराळा बांधावा, आणि नगरपालिकेच्या गाडींत सुक्या कचऱ्यांत द्यावा. ज्या लिफाफ्यांस बाहेरून कागद व आंतून बुडबुडे एकत्र चिकटविलेले असतात ते पुन्हां वितळवितां येत नाहींत. दुकानदारास लिहून ते नाकारावेत. कागदास चिरा पाडून ताणला म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी जाळी होते, तींतहि हवा राहते व वस्तु सुरक्षित येते. कांहीं व्यापारी आतां ती वापरतात.

भाद्रपद जवळ आल्यामुळें एक सूचना राहूं नये. आपल्याकडे महालक्ष्म्यांचे मुखवटे वर्षभर पेटींत असतात. शाडूचे व रंगविलेले मुखवटे या वेष्टनांत थेट गुंडाळूं नयेत; पावसाळ्यांतला दमटपणा आंत कोंडतो, आणि उष्णतेनें प्लास्टिक रंगास चिकटून गालांवर बुडबुड्यांचे वाटोळे वण उमटतात. आधीं धुतलेलें मऊ सुती कापड, त्यावर वेष्टन, त्यांत बुडबुडे बाहेरच्या अंगास, आणि टोंकें घट्ट न बांधतां मोकळीं. पितळेच्या मुखवट्यांस कापडाखालीं थोडा कापूसहि चालतो. विसर्जनानंतर घाईनें न भरतां ते दोन दिवस सावलींत वाळूं द्यावे.